परकीय भांडवल आणि आपला मुलूख



जामखेड तालुक्यात इतिहासावर बोलायचे म्हटले की श्रोत्यांच्या मनात पहिल्याने खर्ड्याची लढाई येते, आणि ते स्वाभाविकच आहे. ११ मार्च १७९५ रोजी जे घडले त्याची स्मृती येथल्या मातीतून अजून गेलेली नाही. परंतु आज आम्ही तलवारीच्या इतिहासाकडे न वळता पैशाच्या इतिहासाकडे वळणार आहोत. त्याला कारणही तसेच आहे. या तालुक्यात कारखाने यावेत, औद्योगिक वसाहत व्हावी, ही मागणी आता गावच्या पारावरून विधानसभेपर्यंत जाऊन पोचली आहे. मुले शिकतात आणि पुण्याचा रस्ता धरतात; मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि कोरड्या विहिरी. अशा वेळी कोणी म्हणतो, बाहेरचे भांडवल आणा. जपान, जर्मनी, अमेरिका येथील कंपन्यांना बोलावून घ्या. दुसरा म्हणतो, एकदा परक्याला ओसरी दिली की तो माजघरात शिरतो. दोघेही इतिहासाचाच दाखला देतात, आणि दोघेही तो अर्धा देतात. म्हणून तो थोडा सविस्तर पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे.

बाहेरून धनी आणि कसबी माणूस बोलावून आपला मुलूख वसवावा, ही कल्पना काही विलायतेहून आलेली नाही. आपला जिल्हा २०२४ पासून जिच्या नावाने ओळखला जाऊ लागला, ती अहिल्याबाई याच तालुक्यातल्या चोंडीची लेक. तिने नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी केली तेव्हा बाहेरगावचे विणकर आणून तेथे वसविले, असे परंपरा सांगते. महेश्वरी लुगड्यांचे माग आजही त्याची साक्ष देत आहेत. पेशवाईत नवी पेठ बसवायची झाली की उदमी लोकांना कौल मिळे. काही वर्षे जकात माफ, घराला जागा, आणि जुलूम होणार नाही असे अभयवचन. आजच्या सरकारी पत्रकांतून करसवलत, भूखंड आणि ‘एक खिडकी’ अशी जी भाषा येते, ती त्या कौलाचीच नात आहे. शब्द तेवढे पालटले.

परंतु त्या काळच्या राज्यकर्त्यांनी एक भेद काटेकोरपणे पाळला होता आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यात सावकाराचा मोठा गौरव आहे. त्याच्या योगाने देशोदेशीचा माल येतो, राज्यावर संकट आले तर कर्ज मिळते, म्हणून त्याला मानाने वागवावे, त्याच्या पेठा वसवाव्यात, असा तेथला उपदेश आहे. त्याच ग्रंथात टोपीकरांविषयी मात्र सूर बदलतो. हे व्यापारी खरे, पण यांच्या पाठीशी आपापले राजे आहेत; यांना व्यापारास येऊ द्यावे, परंतु समुद्रकाठी ठाणे देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे अमात्यांनी दार बंद केले नाही. आत आलेल्याने कोठे आणि कसे बसावे हे मात्र घरच्या माणसाने ठरवावे, एवढे त्यांनी सांगितले.

हे धोरण कागदावरचे नव्हते. शिवाजीमहाराजांचा आणि इंग्रजांचा राजापूरच्या वखारीवरून जो व्यवहार झाला तो या दृष्टीने फार बोधक आहे. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली, म्हणून पुढल्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि तेथल्या इंग्रजांना कैद केले. त्यानंतर कित्येक वर्षे नुकसानभरपाईची बोलणी चालली. शेवटी १६७४ च्या जून महिन्यात राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला आणि तह झाला. इंग्रजांना व्यापाराची मोकळीक मिळाली आणि जकातीचा दर ठरला. भरपाईचा एक भाग तर राजापूरची जकात सोडून देऊन फेडायचा होता. आता त्यांच्या मागण्यांतल्या दोन कलमांचे काय झाले ते पाहा. आपले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, अशी त्यांची एक मागणी होती. त्यावर उत्तर मिळाले की नाणे आपल्या अंगच्या धातूच्या किमतीने चालेल तर खुशाल चालू द्या, पण त्याहून अधिक किमतीने ते घ्या असा हुकूम रयतेला केला जाणार नाही. दुसरी मागणी, किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतांवरचा माल परत मिळावा, ही. तीही मान्य झाली नाही. परक्या व्यापाऱ्याला हवे ते बरेचसे दिले, पण रयतेच्या गाठीला कात्री लागेल तेथे हात आखडता घेतला. याच्या तीन वर्षे आधी, १६७१ मध्ये, कुडाळच्या सुभेदाराला गेलेले मिठाविषयीचे पत्रही याच जातीचे आहे. पोर्तुगिजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येते आणि त्यामुळे आपले मीठ पडून राहते, तेव्हा जकात अशी बसवा की दोन्ही मिठांचा भाव बरोबरीस यावा, अशी त्यात आज्ञा आहे. मिठावर इतका विचार करणारा राजा आम्हांला तरी फार मोठा वाटतो.

पुढे राज्य गेले आणि ‘अटी कोण लिहिणार’ या प्रश्नाचे उत्तरच उलटले. परकीय भांडवल दख्खनमध्ये मोठ्या प्रमाणावर प्रथम आले ते रेल्वेच्या रूपाने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जी. आय. पी., हिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला १८४९ साली. लंडनच्या भागधारकाने आपला पैसा या अनोळखी मुलखात का घालावा? त्याला आकर्षित करण्यासाठी जी युक्ती काढली ती अशी : जमीन फुकट आणि भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याजाची सरकारी हमी. गाडीला नफा झाला तर उत्तम. न झाला तर पाच टक्क्यांची भरती सरकारी तिजोरीतून व्हायची, आणि ती तिजोरी भरायचा तो येथला शेतसारा देणारा कुणबी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाट फुटला. काम थोर झाले यात शंका नाही. त्या घाटात किती मजूर कामी आले हे आठवले म्हणजे मान खाली जाते, तरी काम थोरच. परंतु हमीमुळे काटकसरीची गरजच उरली नाही. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे जवळजवळ असेच सांगितले, की पाच टक्के हमखास मिळणाऱ्या भागधारकाला आपला पैसा हुगळीत फेकला काय अन् विटाचुन्यात घातला काय, सारखेच होते. स्वतः राज्य चालवणाऱ्यांपैकीच एकाची ही साक्ष आहे.

आपल्या नगरला रेल्वे आली ती १८७८ साली, दौंड-मनमाड फाट्याने. त्या मार्गाची मातीकामे १८७६-७७ च्या दुष्काळातल्या मजुरांनी केली, हे येथे सांगितलेच पाहिजे. विलायतेच्या पैशाच्या जोडीला आपल्या आज्यापणज्यांची भूक त्या भरावात गाडलेली आहे.

दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा जो सिद्धांत मांडला तो या अनुभवातून. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे आणि शिक्षकी पेशातले गणेश व्यंकटेश जोशी यांनी याचा अधिक बारकाईने विचार केला. जोशींचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. नामदार गोखल्यांच्या आकड्यांमागे पुष्कळदा जोशींची मेहनत असे. रानडे परक्या भांडवलाला पापच म्हणणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की राजकीय वर्चस्व डोळ्यांत सलते, पण व्यापार आणि भांडवल यांचे वर्चस्व तितके दिसत नाही आणि म्हणूनच ते समाजाची कर्तृत्वशक्ती अधिक बधिर करते. तेव्हा पैसा कोणाचा यापेक्षा तो आल्यावर आपल्या हाताला काय शिकायला मिळाले, हे पाहावे. तळेगावचा काच कारखाना याच विचाराचे मूल होय. पैसा फंडाचा एकेक पैसा गोळा करून भांडवल उभारले ते देशी, आणि कारखाना चालवायला आणले ते परदेशात काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांना. भांडवल घरचे, विद्या बाहेरची.

याच जिल्ह्याच्या उत्तर भागात पुढे हा प्रश्न उसाच्या रूपाने उभा राहिला. प्रवरेच्या कालव्यावर हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. कंपनी मुंबईच्या ब्रॅडी या व्यवस्थापन पेढीची. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन तिने हजारो एकरांवर ऊस पिकवला. ज्याची जमीन तोच तेथे मजूर, असा प्रकार झाला. त्याला उत्तर म्हणून विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठलाल मेहता यांच्या साहाय्याने लोणीचा सहकारी कारखाना काढला, आणि १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. सहकाराचे पुढे काय झाले हा निराळा आणि काहीसा कडू विषय आहे; तो आज नको. येथे एवढेच नोंदवायचे, की बाहेरच्या भांडवलाने वाट दाखवली आणि घरच्या माणसांनी ती आपलीशी केली, याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या परिसरात जो उद्योग वाढला तो बहुतांशी सहयोगाच्या मार्गाने. बजाज टेम्पोने १९५८ मध्ये जर्मन कंपनीशी, किर्लोस्करांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्सशी हात मिळवला. त्याच १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आखीव भूखंड, पाणी, वीज, रस्ता ही तयार शिदोरी कारखानदारापुढे ठेवण्याची पद्धत पडली. नगरलाही त्याचा वाटा मिळाला. हेनिंग होल्क-लार्सेन आणि सोरेन टुब्रो या दोघा डेन्मार्कवासीयांनी १९३८ मध्ये मुंबईत काढलेली पेढी पुढे पूर्णपणे आपली झाली, तिचा विद्युत-उपकरणांचा कारखाना नगरला आला, आणि २०२० साली तो सगळा विभाग श्नायडर या फ्रेंच कंपनीकडे गेला. भांडवलाला गाव नसते म्हणतात ते असे. सुप्याला तर जपानी कारखान्यांसाठी म्हणून जागा राखण्यात आली. पण जामखेड सुप्याच्या वाटेवर नाही.

मधेच एक प्रकरण असे घडले की ज्याने १८४९ ची आठवण पुन्हा ताजी केली. १९९१ मध्ये देशाने अर्थव्यवस्थेची दारे उघडली आणि १९९२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी दाभोळच्या वीज प्रकल्पाबाबत सामंजस्याचा कागद झाला. स्पर्धेच्या निविदा न मागवता. १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. त्यात राज्य वीज मंडळाने वीज उचलली वा न उचलली तरी प्रकल्पाच्या क्षमतेचा आकार भरायचा, आणि दर डॉलरशी बांधलेला. मंडळाच्या मागे राज्य सरकारची हमी, आणि राज्याच्या हमीमागे केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेनेही या प्रकल्पाला कर्ज देण्याचे नाकारले होते. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार मोडला, १९९६ मध्ये तो फिरून केला, १९९९ च्या मे महिन्यात वीज सुरू झाली, आणि दोन वर्षांत मंडळाला बिल पेलेना म्हणून खरेदी थांबली. २००१ च्या डिसेंबरात एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोर झाली. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना पुढे येऊन ते धूड सांभाळावे लागले. गुहागरच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी जमिनीसाठी आणि समुद्रासाठी लाठ्या खाल्ल्या तो अध्याय वेगळाच.

जी. आय. पी. आणि दाभोळ यांमध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. पहिला करार परक्या सत्तेने केला, दुसरा आपण निवडून दिलेल्यांनी. तरी दोन्हींत जोखीम रयतेची आणि लाभ भागधारकाचा, हे कलम एकच. याचा अर्थ परकीय भांडवल नको असा काढणारे पुष्कळ आहेत. आम्हांला तो अर्थ घाईचा वाटतो, आणि तो का, हे सांगण्यासाठी आम्ही तुम्हांला येथून फार लांब नेणार नाही. खर्ड्याहून भूममार्गे बार्शीला चला.

जी. आय. पी.चा पुणे-सोलापूर मार्ग बार्शीला टाळून गेला. बार्शी ही बालाघाटच्या धान्याची आणि कापसाची मोठी बाजारपेठ. निजामाच्या मुलखातून बैलगाड्यांचे तांडे तेथे उतरत. पण आगगाडी पकडायची तर वीसेक मैलांवरच्या कुर्डुवाडीला जावे लागे. त्या स्टेशनला ‘बार्शी रोड’ हे नाव होते, त्यातच सगळे आले. जी. आय. पी.त १८८२ पासून नोकरीला असलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरच्या हे ध्यानात आले. मोठ्या रेल्वेला माल आणून देणारे छोटे, स्वस्त फाटे काढावेत, हा त्याचा ध्यास होता. १८८७ साली त्याने त्यासाठी लंडनला कंपनीही नोंदवली. वरिष्ठांना ते पटेना. तेव्हा १८८९ मध्ये त्याने नोकरी सोडली. सरकारशी बोलणी जमायला १८९५ साल उजाडले. बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली, अर्थात लंडनलाच.

पाच टक्क्यांच्या हमीचे दिवस तोवर सरले होते. इतका माल येथे जमतो, त्यावर इतके भाडे येईल, म्हणून इतकाच खर्च करायचा, असा उलटा हिशेब कॅल्थ्रॉपला करावा लागला, आणि आमच्या मते सगळी खुबी या उलट्या हिशेबात आहे. रुळांतले अंतर अडीच फूट. मोठ्या रेल्वेचे साडेपाच. रूळ हलके, वाराला तीस पौंड वजनाचे. ते टिकावेत म्हणून इंजिन असो की डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, असा नियम त्याने स्वतःवर घालून घेतला. त्यासाठी भार अनेक चाकांवर वाटणारी इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातून बनवून घेतली. मालडबे दाबलेल्या पोलादाच्या एकाच मापाच्या सांगाड्यावर उभारले, म्हणजे सुटे भाग एकाचे दुसऱ्याला चालावेत. १८९६ मध्ये विलायतेत लीड्सजवळ रूळ टाकून हे सगळे चालवून दाखवले, आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली.

ती चालली, आणि चालली म्हणून वाढली. १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. विठोबाच्या वारकऱ्याइतका भरवशाचा उतारू जगाच्या पाठीवर दुसरा कोणता असणार! १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला गेली, आणि लातूरच्या बाजाराचे दैव पालटले. १९२७ मध्ये मिरजेला मिळाली. एकंदर दोनशे मैलांची ही छोटी रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी कॅल्थ्रॉप वारला. हा गृहस्थ मोठा हरहुन्नरी. पुढे त्याने विमानातून उडी घेण्याची छत्रीही बनवली. बार्शीला जमलेली विद्या त्याने मायदेशीही नेली. स्टॅफर्डशरमध्ये १९०४ साली त्याच्या देखरेखीखाली उघडलेली लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे बार्शीच्याच धर्तीची होती. बार्शीवरून इंग्लंडने धडा घ्यावा, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती.

या कंपनीला आम्ही धर्मादाय संस्था ठरवत नाही. संचालक लंडनला, नफा लंडनला, आणि ज्यांच्या कापसावर ती जगली ते बार्शीचे आडते तिच्या बैठकीपासून चार हजार मैल दूर. रुंदी निराळी असल्याने कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. त्यात हमालांना काम मिळे हे खरे, पण वेळ आणि पैसा जाई. तरीसुद्धा चूक झाली तर तिचा भुर्दंड भागधारकाच्या खिशाला बसेल, ही एक गोष्ट तेथे होती. आणि म्हणून इंजिनियरने मुलूख पाहिला, माल मोजला, आणि ऐपतीपुरताच रूळ टाकला.

आता आपल्याकडे पाहू. १८८४ च्या नगर गॅझेटियरात खर्ड्याला व्यापारी, दुकानदार आणि सावकार मिळून पाचशेहून अधिक असल्याची नोंद आहे. धान्याचा, देशी कापडाचा मोठा व्यापार तेथे चाले. म्हणजे कॅल्थ्रॉपला बार्शीत जे दिसले त्यातले पुष्कळसे खर्ड्यातही होते. मग रूळ इकडे का वळला नाही? जामखेड तालुक्याची गावे तेव्हा निजामाच्या मुलखात विखुरलेली. चार कोस जावे तो हद्द बदलायची, जकात बदलायची. बार्शी मोठ्या रेल्वेपासून एका टप्प्यावर, जामखेड दोन टप्प्यांवर. जेथे माल आधीच गोळा होतो आणि तो हलविण्याची अडचण थोडक्यात दूर होते, तेथेच भांडवल जाते. लातूरला रेल्वे गेल्यावर बालाघाटचा ओघ तिकडे फिरला, आणि खर्ड्याचे वाडे मागे राहिले. ते अजून पाहायला मिळतात.

या तालुक्यात जगभरची माणसे पुढे आली, पण ती निराळ्याच कारणाने. डॉक्टर रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले, आणि खेड्यातली निरक्षर बाई आरोग्यसेविका कशी होते हे शिकायला देशोदेशीचे डॉक्टर येथे येऊ लागले. त्यांना येथे कोणी करसवलत देऊन बोलावले नव्हते.

आज औद्योगिक वसाहतीची मागणी आपण करतो तेव्हा आपल्या हाती देण्यासारखे काय आहे, हे उघड बोलले पाहिजे. जमीन आहे. पाणी नाही, किंवा आहे ते पिण्यापुरते, आणि म्हणून पाण्याचे कलम हेच आपले मिठाचे कलम समजावे. कारखान्याला किती पाणी लागेल, ते कोठून येईल, दुष्काळी वर्षात पहिला हक्क कोणाचा, हे भूखंडाचा नकाशा निघण्यापूर्वी लिहून मागितले पाहिजे. कारखाना बंद पडला तर दिलेली जमीन कोणाकडे जाईल, हेही. कामगार बाहेरून येणार असतील तर आपल्या मुलांना कोणते काम शिकवले जाईल, हे तिसरे. या तीन गोष्टींना जो उद्योजक तयार होणार नाही, तो जपानी असो वा पुण्याचा, त्याच्यासाठी जकात माफ करण्याची घाई आम्ही तरी करणार नाही. आणि जो तयार होईल त्याला चोंडीच्या लेकीच्या गावकऱ्यांनी कौल द्यायला कचरू नये.

२०२२ साली नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली. जामखेड अजूनही एका टप्प्यावर बाजूला आहे. म्हणजे कॅल्थ्रॉपच्या वेळची बार्शी होती तसे. त्या बार्शी लाइटची हकीकत पुरी करून आम्ही थांबतो. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि लंडनच्या कंपनीचा संबंध संपला. चालू शतकाच्या पहिल्या दशकात अडीच फुटी रूळ उखडून मोठे रूळ टाकण्याचे काम झाले. कुर्डुवाडीला पोती उतरवून चढवण्याचा प्रकार कायमचा बंद झाला. पण ज्या मार्गाने कॅल्थ्रॉपने माल मोजला होता, जवळपास त्याच मार्गाने आजची लातूरची गाडी जाते, आणि छोट्या इंजिनांसाठी कंपनीने कुर्डुवाडीला जो कारखाना काढला तो रेल्वेने पुढेही चालू ठेवला. परिसरातल्या कित्येक घरांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे लोहारकाम आणि सुतारकाम शिकली.